शेठजींच्या गाडीतला दिवा

काय सांगू तुम्हाला, आणि कुठल्या तोंडानं सांगू! पण तुम्ही पोहे मागवलेत, वरून जिरावन मसालाही भुरभुरलात, म्हणजे आता माघार नाही. एकच अट आहे. हसायचं असेल तर घास गिळून हसा. मागच्या वेळी हाच किस्सा ऐकताना आमच्या साडूंच्या नाकात शेव गेली होती.

तर, मी एकदा मोटारीची आरती केली. तुम्ही म्हणाल, त्यात काय, दसऱ्याला सगळेच करतात. दसऱ्याची नव्हे हो! आणि सगळ्या मोटारीचीही नव्हे. मोटारीतल्या फक्त एका वस्तूची. कोणती, ते येईल ओघात.

मी इंदूरच्या गिरणीत टाइमकीपर. कामगार मला ‘टैमबाबू’ म्हणायचे. बावीस वर्षं गेटाजवळच्या खोलीत बसून कोण किती वाजता आत आला ते रजिस्टरात लिहिलं. भोंगा झाला की सगळी छत्रीबाग माझ्या नावानं घड्याळं लावायची, असा माझा समज होता. मग एक दिवस भोंगा झालाच नाही. गेटाला कुलूप, बाहेर आम्ही सगळे डबे घेऊन उभे. त्यानंतर कितीतरी महिने पहाटे ठरल्या वेळी जाग यायची आणि उठून करायचं काय ते कळायचं नाही. वाईट दिवस होते, खोटं कशाला बोलू. कुंदा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, ब्लाउज शिवून घर ओढत होती. त्यावरून कधी एका शब्दानं बोलली नाही, म्हणून तर मला जास्त लागायचं.

आणि गंमत बघा, इकडे गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या आणि तिकडे शहरात रोज काहीतरी नवीन उघडत होतं! टीव्हीवर नव्या वाहिन्या, दुकानात नव्या बाटल्या, गल्लोगल्ली एस.टी.डी.चे बूथ. आणि लग्नं? पूर्वी नवरदेव घोडीवर बसून खूश असायचा. आता त्याला फॉरेनची गाडी पाहिजे! पण इंदुरात फॉरेनच्या गाड्या होत्या कितीशा?

एक होती. आमच्या गिरणीच्या शेठजींची. काळी, लांबलचक, आत मखमली गाद्या, काचा बटणावर खालीवर होणाऱ्या. गिरणी बंद झाल्यावर दोन पावसाळे पत्र्याच्या शेडखाली उभी होती. शेठजींचं सामान विकायला निघालं तेव्हा मी माझी गिरणीची सगळी पुंजी पुढे केली आणि गाडी घेतली. लग्नांना भाड्यानं द्यायची, मी स्वतः चालवायची. घराचं सगळं या एका गाडीवर ठेवलं होतं. ती चालली तर घर चालणार होतं.

“तुम्हाला गाडीतलं काय कळतं?” कुंदानं विचारलं.

“अगं, बावीस वर्षं यंत्रांच्या सहवासात काढलीत!”

“यंत्रांच्या नाही, रजिस्टरच्या.”

आता मला गाडी चालवता येत होती. गिरणीची जीप मी कैक वेळा चालवली होती. पण त्या जीपच्या बोर्डावर एक काटा हलत नसे, एक दिवा लागत नसे. पेट्रोल किती आहे ते टाकीत काडी घालून बघायचं. हे माझं शिक्षण!

शेठजींचे ड्रायव्हर रामेश्वरजी, म्हातारा फार भला माणूस. किल्ली देताना त्यांचे डोळे भरून आले. स्टिअरिंगवरून हात फिरवत म्हणाले, “टैमबाबू, गाड़ी नहीं, महारानी हे. बस एक बात का ध्यान रखना. ये सामने लाल दिया हे ना, ये जल जाए, तो फिर हाथ जोड़ लेना.”

मी म्हटलं, “बिल्कुल, रामेश्वरजी.”

आणि ते गावी निघून गेले. हे वाक्य लक्षात ठेवा बरं का. पुढचा सगळा घोटाळा या एका वाक्यात आहे.

गाडी गल्लीत आणली. कुंदा हळदीकुंकू घेऊन आली, चाकाखाली लिंबू ठेवलं, मग माझ्या शेजारी येऊन बसली. मी किल्ली फिरवली. बोर्डावर दोनचार दिवे लागले. बाकीच्यांवर चौकोनबिकोन काहीतरी खुणा होत्या. पण मधोमध एक लाल दिवा. अहो, हुबेहूब! खाली पसरट बूड, पुढे निमुळती चोच, चोचीच्या टोकाशी एक टिपका, ज्योतीसारखा. आणि त्याच्या बरोब्बर वर शेठाणीबाईंनी चिकटवलेली चांदीची लक्ष्मी!

“अगंबाई,” कुंदा हरखली, “निरांजन! देवीपुढे कायमचं निरांजन बसवून घेतलंय शेठजींनी. किती धार्मिक माणसं!”

मला रामेश्वरजींचं बोलणं आठवलं. दिवा लागला की हात जोडा. दोघांनी हात जोडले. मी इंजिन सुरू केलं, तसा दिवा गेला.

“दर्शन देऊन गेला,” कुंदा म्हणाली.

हसा, हसा. पण अजून काहीच झालेलं नाही!

पुढच्याच पंधरवड्यात दिव्यांची आवस आली. आषाढातली. आपल्याकडे त्या दिवशी घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात, पुजतात, कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य दाखवतात. शेजारचे शर्माजी त्या दिवशी हरियाली अमावस म्हणून बायकापोरांना घेऊन पिकनिकला जातात. त्यांच्या हातून हा घोळ होणं शक्यच नव्हतं. त्याला मराठी घरच लागतं!

कुंदानं समई मांडली, निरांजनं मांडली, माजघरातला कंदीलसुद्धा मांडला. मग थांबून म्हणाली, “अहो, सगळे दिवे म्हणजे सगळे. एक बाहेर राहिला की.”

आता गाडीतला दिवा पाटावर कसा आणणार? मग पाटच गाडीपाशी नेला. दाराशी रांगोळी काढली. मी आत बसून किल्ली अर्धी फिरवली, दिवा लागला, मी बटणानं काच खाली घेतली आणि कुंदानं ताम्हण आत घातलं. मीही सूर धरला. शर्माजींची पिकनिकची रिक्षा दाराशीच उभी होती. ते उतरून आले.

“भिया, ये क्या हो रिया हे?”

“आज हमारे यहाँ दियों की पूजा होती हे, शर्माजी.”

“पर ये तो गाड़ी हे!”

“गाड़ी में दिया हे ना! देखो.”

शर्माजींनी वाकून पाहिलं आणि चपला काढल्या. प्रसादाचे दोन दिवे बांधून घेऊन गेले.

त्यानंतर देवाची कृपा वाढतच गेली. म्हणजे कशी? आधी तो दिवा किल्ली फिरवली की क्षणभर लागायचा. श्रावण सरता सरता चौकात गाडी थांबली की आपला आपण लुकलुकायला लागला. गणपतीत मंडईसमोर गर्दीत अडकलो, तर पाच मिनिटं तेवत राहिला!

“आता बोलवावंसुद्धा लागत नाही,” कुंदा म्हणाली.

“पण वेग घेतला की जातो गं.”

“वारा लागत असेल. हळू चालवा.”

आणि मी हळू चालवायला लागलो! इतकी हळू, की सायकलवाले घंटी मारून पुढे जायचे. जाता जाता आत डोकवायचे, मयत आहे की काय म्हणून.

मग धूर सुरू झाला. मागच्या नळीतून निळसर. आमच्या कोपऱ्यावर एक गॅरेज, तिथले मिस्त्री म्हणजे उस्ताद. सगळी गल्ली त्यांना उस्तादच म्हणायची. त्यांनी हात करून मला थांबवलं.

“टैमबाबू, नीला धुआँ दे री हे. तेल पी री हे गाड़ी.”

“बड़े घर की हे, उस्ताद. पिएगी नहीं?”

“एक बार बोनट खोल के देख लूँ? दो मिनट का काम हे.”

“अरे नहीं, अच्छी-भली हे.”

मला वाटलं, हा बोनट उघडणार, आतलं फॉरेनचं सामान काढून देशी बसवणार. असल्या चांगल्या माणसावर संशय घेतला, आता आठवलं की मान खाली जाते.

तुम्ही विचाराल, मग इंजिनात तेल कधी घातलंत? घातलंच नाही! अहो, गिरणीत यंत्रांना तेल घालायला वेगळा माणूस असायचा आणि हजेरी लिहायला वेगळा. आम्ही दुसऱ्याच्या खात्यात कधी हात घातला नाही. गाडीत मी पेट्रोल भरत होतो, पाणी भरत होतो, चाकात हवा भरत होतो. आणखी काय राहिलं असेल, असा प्रश्न मला पडलाच नाही.

दिवाळीच्या सुमाराला इंजिनातून टक-टक-टक असा आवाज यायला लागला. कुंदा डोळे मिटून ऐकत म्हणाली, “टाळ वाजल्यासारखं वाटतं, नाही?” दिवा होता, धूप होता, आता टाळही आले. राहिलं होतं काय? फक्त प्रसाद. तोही लवकरच मिळायचा होता.

देवउठनी ग्यारस, म्हणजे आपली कार्तिकी एकादशी, झाली, लग्नं सुरू झाली आणि मला पहिलं काम मिळालं. सुदामा नगरचे चौधरीजी, त्यांच्या मुलाची वरात देपालपूरला न्यायची. गोधूलीचं लग्न. चौधरीजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “हमारे खानदान में इस साल छह शादियाँ और हें. आपकी गाड़ी जम गई, तो सब आपकी.” त्या दिवशी घरी येऊन मी कुंदाला म्हटलं, “आता शिलाईचं मशीन झाकून ठेव.” तिनं ठेवलं नाही, पण हसली. त्या हसण्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं.

वरातीच्या दिवशी गाडी फुलांनी मढवली. मागच्या गादीवर नवरदेव आणि चौधरीजी. पुढे माझ्या शेजारी नवरदेवाचे फूफाजी, म्हणजे आत्याचे यजमान. लग्नात फूफाजी नाराज व्हायचे असतात, हा माळव्यातला नियमच आहे. त्यामुळे त्यांना पुढची सीट दिली होती.

किल्ली फिरवली, दिवा लागला. इंजिन सुरू झालं, दिवा गेला नाही! सुदामा नगर सुटलं, शहर सुटलं, दिवा आहेच. न लुकलुकता, शांत, लाल. मला तर भरून आलं. पहिल्याच कामाला अखंड दिवा! तो जाऊ नये म्हणून मी गाडी आणखी हळू घेतली. वऱ्हाडाची बस हॉर्न देत पुढे निघून गेली.

फूफाजींचं लक्ष गेलं. “ये दिया केसा जल रिया हे?”

मी सगळं सांगितलं. लक्ष्मी, शेठजी, रामेश्वरजी, आवस. फूफाजी विरघळले. मागे वळून नवरदेवाला म्हणाले, “बेटा, हाथ जोड़. शुभ हे.” नवरदेवानं सेहऱ्याच्या लडी बाजूला करून हात जोडले. चौधरीजींनी जोडले. मी स्टिअरिंग सोडून जोडणार होतो, तेवढ्यात समोरून ट्रक आला.

टाळ वाढले. फूफाजी गुडघ्यावर ताल धरून म्हणाले, “ढोलक अच्छी बज री हे, कैसेट कौन-सी हे?”

टेप बंद होता हो!

मग वास यायला लागला. “हवन जेसी महक आ री हे,” फूफाजी नाकानं ओढून म्हणाले. मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं आणि इंजिनात जे खाडकन वाजलं ना, मागे नवरदेवाचा सेहरा तिरका झाला. गाडी दोन हिसके देऊन थांबली. दोन्हीकडे नुकती पेरलेली गव्हाची शेतं, मध्ये रस्ता, रस्त्यात आम्ही. सगळं चिडीचूप.

आणि दिवा? दिवा तेवत होता!

“दिया तो जल रिया हे,” फूफाजी धीरानं म्हणाले, “चिंता की कोई बात नहीं.”

मी किल्ली फिरवली. नुसतं ‘टक’. पुन्हा फिरवली. तेही नाही. चौधरीजी घड्याळ बघायला लागले. आयुष्यभर दुसऱ्यांचे उशीर लिहिणारा मी, आणि आज माझ्यामुळे एका मुलाचा मुहूर्त चुकणार होता. सहा लग्नं गेली, गाडी गेली, आता कुंदाला काय तोंड दाखवू, हे एवढंच डोक्यात.

तेवढ्यात मागून एक ट्रॅक्टर आला. नुसताच, ट्रॉली नव्हती. चौधरीजी धावत आडवे गेले. शेतकरी देपालपूरचाच निघाला. म्हणाला, “दूल्हे को बिठा लो मेरे पास.”

“ट्रैक्टर पे दूल्हा?” फूफाजी कडाडले. “नाक कट जाएगी!”

मग दोर आला. पुढे ट्रॅक्टर, मागे दोराला बांधलेली महाराणी, महाराणीत नवरदेव. स्टिअरिंगवर मी, घाम पुसत. ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला एक झेंडूची माळ अडकवायची फूफाजींची कल्पना. “सब हँसते हुए बेठो,” त्यांनी हुकूम सोडला.

असे आम्ही देपालपुरात शिरलो. बसमधलं वऱ्हाड वेशीपाशी वाट बघत उभं होतं. बँडवाले वाजवायचे थांबले. मुलीचे वडील पुढे आले, एकदा ट्रॅक्टरकडे, एकदा गाडीकडे बघत राहिले. मी मनात रामरक्षा सुरू केली.

“ये,” ते म्हणाले, “इंदौर का नया फैशन हे क्या?”

“जी,” फूफाजी पापणी न हलवता म्हणाले, “आजकल यही चल रिया हे.”

आणि काय सांगू, टाळ्या पडल्या! पोरंटोरं ट्रॅक्टरवर चढली. बँड दुप्पट जोरात सुरू झाला. मुहूर्त सापडला. पण मी पंगतीतला लाडू पानातच ठेवून गाडीपाशी जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी निरोप देऊन उस्तादांना बोलावलं. ते बसनं आले, पिशवीतून हत्यारं काढली, बोनट उघडला आणि आतून एक लांब पट्टी बाहेर ओढली. तेल किती आहे ते बघायची असते म्हणे. पुसायचीही गरज नव्हती.

“सूखी,” उस्ताद म्हणाले. “बूँद नहीं. इंजन जाम हो गया, टैमबाबू. पर लाल दिया तो जला होगा?”

“जला था ना! रोज जलता था.”

“फिर आपने क्या किया?”

“हाथ जोड़े.”

“बस, हाथ जोड़े?”

“नहीं,” मी हळूच म्हटलं, “आरती भी की.”

उस्ताद बोनटला टेकून खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. हसत होते! डोळे पुसत म्हणाले, “भिया, वो तेल की कुप्पी का निशान हे. तेल खतम हो, तब जलता हे.”

“पर रामेश्वरजी ने तो कहा था, दिया जले तो हाथ जोड़ लेना!”

“अरे, मतलब फिर गाड़ी को आखरी नमस्ते कर लेना, कि अब ये गई!”

आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? जन्मभर पाहिलेला दिवा तेल असताना जळतो आणि तेल संपलं की विझतो. तेल संपल्यावर पेटणारा दिवा मी कुठं पाहिला होता?

घरी आलो. कुंदापुढे सगळं ओकून टाकलं. शेवटी मी म्हटलं, “निरांजन आहे असं तूच म्हणालीस.”

“मी म्हणालेच,” ती म्हणाली. “पण यंत्रांच्या सहवासात बावीस वर्षं कोण होतं?”

इंजिन काही वाचलं नाही. उस्तादांनी ते काढून भंगारात दिलं. मी आठ दिवस तोंड लपवून घरात बसलो. नवव्या दिवशी दारात चौधरीजी! मला वाटलं, भांडायला आले. तर म्हणतात, “अगली शादी बेटमा में हे. साढू साहब कह रिये हें, वही गाड़ी चाहिए. वही, ट्रैक्टरवाली.”

आणि सहाच्या सहा लग्नं मिळाली! पुढे फुलांचा ट्रॅक्टर, मागे इंजिन नसलेली महाराणी, आत मी रुबाबात स्टिअरिंग धरून. कोणी विचारलं, “भिया, इंजन केसा हे?” की मी सांगायचो, “एकदम शांत. कोई शिकायत नहीं.” खोटं होतं का सांगा! घर चालायला लागलं. कुंदानं मशीन तरीही झाकलं नाही. बाई हुशार आहे.

पुढच्या आषाढात पुन्हा दिव्यांची आवस आली. मी अंघोळ करून, सोवळं नेसून पाटासमोर बसलो. मधोमध मोठी समई, चिंचेनं घासलेली, झळझळीत. मी डोळे मिटले, अगदी मनापासून हात जोडले, सगळे श्लोक म्हटले. वर्षभरातली सगळी चूकभूल तिथल्या तिथे देवापाशी कबूल करून टाकली.

“झालं?” कुंदानं विचारलं.

“झालं.”

“मग आता डोळे उघडा आणि वाकून बघा.”

वाकून बघितलं. समई कोरडी ठणठणीत. थेंब नाही तेलाचा! तिनं मुद्दाम तशीच ठेवली होती हो.

बुधली माझ्या हातात देत म्हणाली, “हात नंतर जोडा. आधी तेल बघत जा.”